इमोजी : शब्दाची फोड कुठे करावी?

‘इमोजी’ हा शब्द कशावरून आला, असे कोणालाही विचारून पाहावे. बहुतेकांचे उत्तर एकच येते : इंग्रजीतील ‘इमोशन’ या शब्दावरून. भ्रमणध्वनीवरील निरोपात हसू, रडू, राग, लाज दाखवणारी ती पिवळी वाटोळी तोंडे भावनाच तर व्यक्त करतात. मग ‘इमोशन’मधला ‘इमो’ घेतला आणि पुढे ‘जी’ जोडला, की झाला शब्द तयार! आरंभ जुळतो, अर्थही जुळतो. शंका घ्यावयास जागाच उरत नाही.

आणि तरीही हे उत्तर चूक आहे. ‘इमोजी’ हा शब्द जपानी आहे आणि ‘इमोशन’शी त्याचे कोणतेही नाते नाही. दोन्ही शब्दांतील साम्य हा निव्वळ योगायोग होय.

एवढे सांगून हा विषय संपवता आला असता. परंतु भाषाविज्ञानाचा अभ्यास करीत असताना मला या शब्दाने बराच काळ गुंतवून ठेवले, ते केवळ त्याच्या मूळ गावाच्या कुतूहलापोटी नव्हे. शब्दाची फोड चुकीच्या ठिकाणी केली की त्याने दाखविलेल्या वस्तूकडेही आपण चुकीच्या दृष्टीने पाहू लागतो, आणि पुढे त्या दृष्टीवरच आपले मराठी प्रतिशब्द बेततो. हे कसे घडते, हे या एका शब्दाच्या आधारे दाखवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दाचे घटक

जपानी माणूस हा शब्द ‘इमोजी’ असा उच्चारीत नाही. त्याचा उच्चार ‘एमोजि’च्या जवळचा आहे, आरंभी स्पष्ट ‘ए’. आपल्याकडे ‘इ’ आला तो इंग्रजीच्या वाटेने. ज्या रोमन अक्षराने जपानी ‘ए’ लिहिला जातो, त्याच अक्षराचा शब्दारंभीचा उच्चार इंग्रज माणूस येथे ‘इ’ असा करतो, आणि ‘इमोशन’मध्येही तसाच करतो. म्हणजे मुळात जे साम्य डोळ्यांना दिसत होते, ते इंग्रजीच्या तोंडी गेल्यावर कानांनाही पटू लागले. मराठीने शब्द उचलला तो या दुसऱ्या मुक्कामावर.

आता शब्दाची फोड. ती ‘इमो + जी’ अशी नसून ‘ए + मोजि’ अशी आहे. ‘ए’ म्हणजे चित्र. ‘मोजि’ म्हणजे लेखनातील अक्षर, वर्ण. तेव्हा ‘एमोजि’ म्हणजे शब्दशः ‘चित्र-अक्षर’. भावना हा अर्थ या शब्दात कोठेही नाही.

जपानी भाषेत हा शब्द तीन चिन्हांनी लिहितात आणि ती तिन्ही चिन्हे चीनमधून आलेली आहेत. पहिले चिन्ह चित्राचे. त्याच्या डाव्या अंगाला धाग्याची खूण असते आणि उजव्या अंगाला एकत्र येण्याची. चीनमध्ये इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन या पंडिताने चिनी लिपिचिन्हांचा जो प्रसिद्ध कोश रचला, त्यात या चिन्हाचा संबंध निरनिराळ्या रंगांचे धागे एकत्र आणून केलेल्या भरतकामाशी जोडला आहे. आपल्याकडच्या ‘चित्र’ शब्दाची येथे आठवण होते. संस्कृतात ‘चित्र’ या विशेषणाचा जुना अर्थ ‘रंगीबेरंगी, ठिपकेदार, झळाळणारे’ असाच आहे, आणि आपला ‘चित्ता’ त्याच्या अंगावरील ठिपक्यांमुळे याच कुळातला ठरतो. अर्थात हे दोन शब्द एकमेकांचे नातलग नव्हेत. दोन समाजांनी चित्राचा विचार रंगांच्या मेळातून केला, एवढेच यातून दिसते.

‘मोजि’ हा शब्द दोन चिन्हांचा. त्यांतील पहिल्याचा मूळ अर्थ नक्षी, रेघा, खुणा; त्यावरून तो लेखनाकडे वळला. दुसऱ्या चिन्हात छपराखाली मूल दाखविलेले असते. साधी मूळ चिन्हे ही पहिल्या प्रकारची, आणि त्यांच्या संयोगातून मुलांप्रमाणे जन्मलेली संयुक्त चिन्हे दुसऱ्या प्रकारची, असा भेद शू शेनने केला होता. त्याच्या कोशाच्या नावातच हे दोन्ही शब्द आहेत. ‘मोंजि’ हे पूर्वीचे रूप. त्यातील अनुनासिक गळून ‘मोजि’ झाले.

शब्दाचे गणगोत

एखादा शब्द खरोखरीच एखाद्या घरातला आहे की नाही हे पाहावयाचे, तर त्याची भावंडे शोधावीत. ‘एमोजि’च्या दोन्ही घटकांची भावंडे जपानीत भरपूर आहेत.

‘ए’ घेऊ. जपानमधील लाकडी ठशांनी छापलेली रंगीत चित्रे जगभर ‘उकियो-ए’ या नावाने ओळखली जातात. त्यातील शेवटचा ‘ए’ हाच. मुलांचे चित्रमय पुस्तक म्हणजे ‘एहोन’. मंदिरात नवस म्हणून टांगतात त्या लाकडी पाटीला ‘एमा’ म्हणतात, म्हणजे ‘चित्र-घोडा’. कारण पूर्वी त्या पाटीवर घोड्याचे चित्र काढीत.

‘मोजि’चेही तसेच. शब्दाचे आद्याक्षर म्हणजे ‘काशिरामोजि’, ‘काशिरा’ म्हणजे डोके. विरामचिन्हे जुळवून केलेला चेहरा म्हणजे ‘काओमोजि’, ‘काओ’ म्हणजे चेहरा. संगणकाच्या पडद्यावर मजकूर विसकटून भलतीच चिन्हे उमटली, तर जपानी लोक त्याला ‘मोजिबाके’ म्हणतात, म्हणजे अक्षरांनी रूप पालटणे. भुताखेतांनी रूप पालटावे त्याला जी क्रिया वापरतात तीच येथे आहे. जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडून ज्यांनी कपाळावर हात मारून घेतला आहे, त्यांना हा शब्द तत्काळ पटेल.

आणि ‘जि’? चिनी लिपिचिन्हांना जपानीत ‘कांजि’ म्हणतात, त्यातील ‘जि’ तोच. पण मला अधिक मोलाचा वाटला तो ‘बोंजि’ हा शब्द. बौद्ध धर्माबरोबर भारतातून सिद्धम् ही लिपी चीनमार्गे जपानात गेली आणि मंत्रबीजे लिहिण्यासाठी ती तेथे जपली गेली. या भारतीय अक्षरांना जपानी लोक ‘बोंजि’ म्हणतात : ‘बोन’ म्हणजे ब्रह्म, ‘जि’ म्हणजे अक्षर. सिद्धम् लिपीच्या अभ्यासाचा ठसा जपानी वर्णमालेवरही आहे. अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असा जो तिचा क्रम आहे, तो आपल्या वर्णमालेच्या क्रमावरून घडला. इमोजीतील शेवटचा ‘जी’ आपल्या पूर्वजांच्या अक्षरांना लावलेल्या ‘जि’चा सख्खा भाऊ आहे, हे कळल्यावर त्या पिवळ्या तोंडाकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

साम्य म्हणजे पुरावा नव्हे

येथे कोणी विचारील, की जपानी घटक सापडले हे खरे, पण ‘इमोशन’चा संबंध नाहीच हे कशावरून? नव्या शब्दाच्या कर्त्याने दोन्हीकडे डोळा ठेवून तो बनविला नसेल कशावरून? ही शंका रास्त आहे. ती तीन कसोट्यांवर तपासून पाहू.

पहिली कसोटी लेखनाची. जपानीत परभाषेतून आलेले शब्द लिहिण्यासाठी ‘काताकाना’ नावाची वेगळी अक्षरमाला वापरण्याची प्रथा आहे. ‘इमोशन’ हा शब्द जपानीत उसना घेतलेला आहेच. तो काताकानात लिहितात आणि त्यातील ‘मो’ दीर्घ उच्चारतात. ‘एमोजि’ मात्र तीन कांजी चिन्हांनी लिहितात आणि त्याचा ‘मो’ ऱ्हस्व आहे.

दुसरी कसोटी काळाची. भ्रमणध्वनी येण्यापूर्वीही ‘एमोजि’ हा शब्द जपानीत होता. चित्रलिपी, चित्रमय खूण, या अर्थाने तो वापरला जात असे. वस्तू नवी आली तेव्हा तिला जुने नाव मिळाले.

तिसरी कसोटी तुलनेची. अलीकडच्या जपानी तरुणांच्या बोलीत ‘एमोई’ असे एक विशेषण रूढ झाले आहे. मन हेलावून टाकणारे, असा त्याचा साधारण अर्थ. हा शब्द मात्र खरोखरीच इंग्रजी ‘इमोशनल’च्या कुळातला आहे, इंग्रजी तुकड्याला जपानी विशेषणाचा ‘इ’ हा प्रत्यय लागला आहे. ‘एमोई’ आणि ‘एमोजि’ एकाच भाषेत शेजारी शेजारी नांदतात, आरंभीची दोन अक्षरे सारखी आहेत, अर्थाचे वळणही जवळचे भासते. तरी एक परदेशी, दुसरा घरचा.

केवळ साम्यावर विसंबणे किती धोक्याचे असते, याचे आणखी एक उदाहरण देतो. संस्कृत ‘नामन्’, मराठी ‘नाव’ आणि इंग्रजी ‘नेम’ हे शब्द परस्परांचे नातलग आहेत, हे तौलनिक भाषाविज्ञानाने सिद्ध केले आहे. जपानीत नावाला ‘नामाए’ म्हणतात. रूप जुळते, अर्थ तंतोतंत जुळतो. म्हणून तोही याच घराण्यातला म्हणावयाचा काय? नाही. ‘ना’ म्हणजे नाव आणि ‘माए’ म्हणजे पुढचे, अशी त्याची स्वतंत्र फोड आहे.

एवढ्यानेही कोणाचे समाधान होत नसेल, तर मी असे म्हणतो, की ‘मोजि’ म्हणजे आपली मोडी! रूप जुळते, आणि दोन्हींचा संबंध लेखनाशी. ‘ए मोडी’चे ‘एमोजि’ झाले असे सांगून मराठी माणसाची छाती फुगविता येईल. या व्युत्पत्तीला आपण हसतो. पण ‘इमोशन’ची व्युत्पत्ती हिच्याहून तसूभरही अधिक सबळ नाही. ती सोयीची आहे, इतकेच.

यास्काचार्यांनी ‘निरुक्ता’त, अर्थाकडे लक्ष ठेवून एखाद्या अक्षराच्या वा वर्णाच्या साम्यावरूनही निर्वचन करावे, अशी मुभा दिली आहे. परंतु त्यांचे प्रयोजन दुर्बोध वैदिक शब्दांचा अर्थ उलगडण्याचे होते. आजची व्युत्पत्तिविद्या शब्दाचा इतिहास विचारते. अर्थ सुचविणे आणि इतिहास सांगणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवावयास हव्यात.

मग ‘इमोशन’ आहे कोठे?

‘इमोशन’वरून आलेला एक शब्द आहे, पण तो दुसरा : ‘इमोटिकॉन’. ‘इमोशन’ आणि ‘आयकॉन’ या दोन इंग्रजी शब्दांच्या सांध्यातून तो घडला. १९ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांच्या संगणकीय सूचनाफलकावर एक सूचना केली. लेखी मजकुरात थट्टा कोणती आणि गंभीर विधान कोणते हे कळत नाही, म्हणून थट्टेच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि बंद होणारा कंस अशी तीन चिन्हे लागोपाठ लिहावीत. मान डावीकडे कलती करून पाहिले, की त्यात दोन डोळे, नाक आणि हसरे तोंड दिसते. ‘इमोटिकॉन’ हे नाव अशा चेहऱ्यांना पुढे काही वर्षांनी मिळाले.

या शब्दाची फोड पाहण्यासारखी आहे. ‘इमोशन’च्या मुळाशी लॅटिन क्रियापद आहे; त्यातील आरंभीचा स्वर म्हणजे ‘बाहेर’ आणि पुढचा भाग म्हणजे ‘हलविणे’. ‘आयकॉन’ ग्रीक, अर्थ प्रतिमा. म्हणजे ‘इमोटिकॉन’मध्ये चित्राचा वाचक शब्द शेवटी आहे आणि ‘इमोजी’मध्ये तो आरंभी आहे. एकातील आरंभीचा स्वर ‘बाहेर’ सांगतो, दुसऱ्यातील तोच स्वर ‘चित्र’ सांगतो. वस्तूही भिन्न आहेत : इमोटिकॉन ही आधीच असलेल्या विरामचिन्हांची जुळणी, तर इमोजी हे स्वतंत्र एक चिन्ह. दोन्ही शब्द इंग्रजीत एकत्र आले आणि धाकट्याला थोरल्याचे आडनाव लागले.

वस्तूचा इतिहास काय सांगतो?

शब्दाने सांगितलेली गोष्ट वस्तूच्या इतिहासाशी जुळते काय, हेही पाहिले पाहिजे.

१९९७ साली जपानमधील जे-फोन या कंपनीने ९० चित्राक्षरे असलेला एक भ्रमणध्वनी बाजारात आणला. तो फारसा खपला नाही. त्यानंतर फेब्रुवारी १९९९ मध्ये एनटीटी डोकोमो या कंपनीची ‘आय-मोड’ ही सेवा सुरू झाली आणि तिच्यासाठी शिगेताका कुरिता यांच्या पुढाकाराने १७६ चित्राक्षरांचा संच तयार करण्यात आला. प्रत्येक चित्र आडवे १२ आणि उभे १२, अशा १४४ ठिपक्यांच्या चौकटीत बसविलेले होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१६ मध्ये हा संच आपल्या संग्रहात घेतला.

या १७६ चित्रांत होते काय? ऊन, ढग, पाऊस, छत्री, बर्फ, वीज. आगगाडी, बस, जहाज, विमान. बँक, टपाल कचेरी, इस्पितळ. चंद्राच्या कला आणि बाराही राशी. हृदये होती आणि चेहरेही होते, पण चेहरे अगदी मोजकेच. हवामानाच्या वृत्तातील खुणा, रस्त्यावरच्या पाट्या, जपानी चित्रकथांतील संकेत आणि कांजी चिन्हे यांतून आपल्याला कल्पना सुचल्या, असे कुरिता यांनी सांगितलेले आहे. ‘पाऊस’ हा शब्द लिहिण्याऐवजी लहानशा पडद्यावर छत्रीचे एक चिन्ह पुरे व्हावे, ही त्यामागची सोय. म्हणजे इमोजी जन्मली ती भावनेचे चित्र म्हणून नव्हे, तर शब्दाच्या जागी बसणारे अक्षर म्हणून. तिच्या नावाने हे पहिल्या दिवसापासून खरे सांगितले होते.

पुढची हकीकत तर ‘मोजि’ या घटकाचीच आहे. जपानच्या निरनिराळ्या दूरध्वनी कंपन्यांनी या चित्रांना आपापले सांकेतिक क्रमांक दिले होते. त्यामुळे एका कंपनीच्या ग्राहकाने पाठविलेले चित्र दुसरीच्या ग्राहकाला नीट मिळेलच याची शाश्वती नव्हती. ‘मोजिबाके’ होत असे. अखेर ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत सातशेहून अधिक इमोजींना जागतिक क्रमांक मिळाले. २०११ मध्ये ॲपलच्या आयफोनवर इमोजीचा कळफलक जगभर उपलब्ध झाला आणि शब्दही जगभर पसरला. आज ही संख्या साडेतीन हजारांच्या पुढे गेली आहे.

युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या अक्षरांची एक अवाढव्य यादी. आपली देवनागरीही त्याच यादीत आहे. तेथील ‘अ’ला जसा स्वतःचा क्रमांक आहे, तसाच आनंदाश्रू गाळणाऱ्या चेहऱ्यालाही आहे. याच चेहऱ्याची ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१५ चा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून निवड केली, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. चित्राला शब्द कसे म्हणावे? प्रश्न चांगला आहे. पण संगणकाच्या लेखी त्याचे उत्तर ठरलेले आहे : ते एक अक्षरच आहे.

चित्र अक्षर कसे होते?

चित्राने अक्षराचे काम करावे ही कल्पना जपानला भ्रमणध्वनीने शिकविली नाही. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या कालखंडात, उत्तर जपानमधील मोरिओकाच्या परिसरात निरक्षर शेतकऱ्यांसाठी एक बौद्ध सूत्र चित्रांत लिहिले गेले. ते सूत्र आपल्याच देशातले : प्रज्ञापारमिता-हृदय. ‘महाप्रज्ञापारमिता’ या संस्कृत शब्दाचे जपानी तोंडी ‘माका हान्न्या हारामिता’ असे रूप झाले. आता हे चित्रांत कसे लिहावयाचे? जपानीत भात शिजविण्याच्या मोठ्या भांड्याला ‘कामा’ म्हणतात. म्हणून ते भांडे उलटे काढले, की ‘कामा’ उलटून ‘माका’ झाले! पुढे ‘हान्न्या’ नावाचा नाटकातील मुखवटा. मग पोट, म्हणजे ‘हारा’. मग सूप, म्हणजे ‘मि’. आणि शेवटी भाताचे शेत, म्हणजे ‘ता’. चित्रे क्रमाने म्हणत गेले की सूत्राचे पठण होते.

येथे सुपाचे चित्र सुपाबद्दल काही सांगत नाही आणि पोटाचे चित्र पोटाबद्दल. चित्र ध्वनी सांगते आहे. ज्याला एक अक्षर वाचता येत नाही असा शेतकरी अशा रीतीने संस्कृत शब्दाचा उच्चार करीत होता. यात भावना दाखविण्याचा प्रश्नच नाही; हे वाचनाचे साधन आहे. ज्या समाजाला चित्राकडे असे पाहण्याची सवय होती, त्याला ‘चित्र-अक्षर’ हे नाव सुचणे स्वाभाविक होते.

चूक रुजते कशी?

परक्या शब्दात ओळखीचा तुकडा शोधण्याची लोकांची सवय जुनीच आहे. तिला आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो; जर्मन भाषापंडित अर्न्स्ट फोर्स्टमान यांनी १८५२ मध्ये या प्रवृत्तीचे आपल्या भाषेत असेच नामकरण केले. ‘हॅम्बर्गर’ हा शब्द हॅम्बर्ग शहरावरून आला. इंग्रजी बोलणाऱ्यांना त्यात ‘हॅम’ म्हणजे डुकराचे मांस दिसले, उरलेला ‘बर्गर’ मोकळा झाला आणि त्याला चीज, भाजी, वाटेल ते जोडले गेले. चुकीची फोडही अशी फळते-फुलते. भाषा पंडितांची परवानगी घेत बसत नाही.

आपल्याकडे ‘पाव’ आहेच. लादीचे चौथे हिस्से म्हणून पाव, किंवा पीठ पायांनी तुडवितात म्हणून पाव, अशा दोन्ही कथा आपण ऐकलेल्या असतात. वस्तुतः तो पोर्तुगीज शब्द आहे. गंमत अशी, की जपानीत पावाला ‘पान’ म्हणतात आणि तोही त्याच पोर्तुगीज शब्दावरून आला. म्हणजे मराठी ‘पाव’ आणि जपानी ‘पान’ सख्खे भाऊ आहेत, पण मराठी ‘पाव’ आणि मराठी ‘पाव भाग’ यांचे काही नाते नाही! इमोजीची गोष्ट अगदी अशीच आहे. जवळचा दिसतो तो परका निघतो आणि खरा नातलग समुद्रापलीकडे असतो.

मराठीत काय म्हणावे?

आता मूळ मुद्द्यावर येतो. इमोजीसाठी मराठीत ‘भावचिन्ह’, ‘भावमुद्रा’ असे प्रतिशब्द वापरले जातात. ते कानाला गोड आहेत आणि इमोटिकॉनसाठी ते अगदी योग्यही आहेत. परंतु इमोजीसाठी ते वापरताना आपण नकळत ‘इमोशन’च्या खोट्या व्युत्पत्तीचेच भाषांतर करीत असतो. छत्री, आगगाडी, वृश्चिक रास, भाताचा वाडगा यांना ‘भावचिन्ह’ म्हणणे अडचणीचे होते. ज्या चिनी लोकांची लिपिचिन्हे जपानी शब्दात आहेत, तेही इमोजीला बहुधा ‘चेहऱ्यावरील भावाची खूण’ अशा अर्थाच्या नावानेच ओळखतात; तेव्हा ही ओढ केवळ आपलीच नाही. पण म्हणून ती तपासू नये असे नाही.

मला ‘चित्राक्षर’ हा शब्द सुचवावासा वाटतो. तो मूळ शब्दाचे घटक जसेच्या तसे देतो, आणि मराठीत परका वाटत नाही. ‘चित्रलिपी’ आपल्या परिचयाची आहेच. शिवाय आपल्या परंपरेत ‘वर्ण’ या एकाच शब्दाने रंग आणि अक्षर हे दोन्ही अर्थ वाहिलेले आहेत. चित्र आणि अक्षर यांना एका घरात ठेवणे आपल्याला जड जाऊ नये. व्यवहारात ‘इमोजी’ हाच शब्द चालणार, हे मी जाणून आहे. ‘रिक्षा’ला आपण कोठे पर्याय शोधत बसलो? तीही मूळची जपानी, माणसाच्या बळावर चालणारी गाडी या अर्थाच्या ‘जिनरिकिशा’तून आलेली. उसना शब्द वापरण्यात कमीपणा नाही. मात्र भाषेच्या विद्यार्थ्याने तो वापरताना त्याची फोड कुठे होते, एवढे तरी जाणून असावे.

कारण फोड चुकली, तर चिन्हाकडून आपली अपेक्षाही चुकते. इमोजी ही भावनाच आहे असे मानणारा माणूस समोरच्याने पाठविलेल्या हसऱ्या तोंडावरून तो हसत आहे असे धरून चालतो. ते अक्षर आहे असे जाणणारा मात्र आधी विचारतो, की हे कोणी लिहिले, कोणाला, कशाच्या पुढे? कोणत्याही अक्षराप्रमाणे चित्राक्षरही वाचावेच लागते. इतिहासाचार्य राजवाडे यांच्यापासून कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६ च्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’पर्यंत मराठीत शब्दांची कुळे शोधण्याची मोठी परंपरा आहे. कालपरवा आपल्या खिशातील यंत्रात येऊन बसलेले शब्दही त्या परंपरेच्या कक्षेत यावेत, आणि त्यांची कुळे तपासण्याचे काम आपल्या महाविद्यालयांच्या वर्गांतून सुरू व्हावे, असे मला मनापासून वाटते.